नकार द्या, पण कारण लिहून द्या

ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती बाजारात येण्याआधी तिची चाचणी आवृत्ती लोकांच्या हाती देतात. तिला कोणी बीटा म्हणतं, कोणी प्रिव्ह्यू. वापरून पाहा, चुका सापडल्या तर कळवा, असं सोबत सांगितलेलं असतं. हे निमंत्रण मी मनापासून घेते. माझा डीटीपीचा छोटा व्यवसाय आहे. कामाची मशीन वेगळी आहेत आणि चाचणीसाठी मी एक जुना लॅपटॉप मुद्दाम राखून ठेवला आहे. दोन कोअरचा प्रोसेसर, 4 जीबी रॅम, मूळची हार्ड डिस्क काढून बसवलेली 128 जीबीची एसएसडी. या मशीनवर चाचणी आवृत्त्या टाकताना जे त्रास होतात ते एकेकटे पाहिले तर किरकोळ आहेत. तरीही त्यांची तक्रार मांडायलाच हवी, कारण सगळ्यांचं मूळ एक आहे. ज्याला चाचणीला बोलावलं, त्याला सरळ माहिती कोणी देत नाही.

जुनं मशीन चाचणीला कशाला घ्यायचं, असं मला अनेकांनी विचारलं आहे. आपल्याकडचे बहुतेक संगणक जुनेच असतात, हे त्याचं उत्तर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीत नेहरू प्लेसला जाऊन पाहा. मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेले लॅपटॉप तिथे साफ करून, रॅम वाढवून विकले जातात. ते पुढे शाळेत, पतसंस्थेत, झेरॉक्सच्या दुकानात आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्या हाती अनेक वर्षं चालतात. घरातला लॅपटॉप मोठ्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे आणि तिच्याकडून आजोबांकडे जातो. नवी सिस्टीम शेवटी यांनाच वापरायची असते किंवा तिच्यावाचून राहायचं असतं. चाचणी फक्त नव्या कोऱ्या मशीनवर झाली, तर या माणसांना येणाऱ्या अडचणी कोणाच्या नजरेस पडणार?

पहिली तक्रार मशीन तपासणाऱ्या प्रोग्रामबद्दल. जून 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज 11 जाहीर केली आणि ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचा छोटा प्रोग्राम दिला. आपलं मशीन नव्या सिस्टीमला चालेल का, एवढंच तो सांगणार होता. सुरुवातीला त्याचं उत्तर एका ओळीचं होतं, या पीसीवर विंडोज 11 चालणार नाही. का नाही, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. प्रोसेसर जुना आहे, सिक्युअर बूट बंद आहे की टीपीएम ही सुरक्षेची चिप नाही, हे ज्याचं त्याने शोधायचं होतं. यातली टीपीएमची गोष्ट सर्वांत वाईट. कित्येक मशीनमध्ये ती सोय प्रोसेसरसोबत आलेली होती, फक्त बायोसमध्ये बंद होती. इंटेलच्या मशीनवर पीटीटी आणि एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम या नावाची एक सेटिंग चालू केली की काम झालं असतं. ज्याला हे कोणी सांगितलं नाही, तो आपलं मशीन निकामी झालं असं समजून बसला. टीका झाल्यावर तो प्रोग्राम काही दिवसांतच मागे घेतला गेला आणि नंतर कारणं दाखवणाऱ्या रूपात परत आला. म्हणजे कारणं दाखवणं शक्य होतं. ती पहिल्या दिवसापासून का दाखवली नाहीत, हा माझा प्रश्न आजही शिल्लक आहे. पतसंस्थेत कर्जाचा अर्ज नाकारला तरी त्यावर शेरा लिहून मिळतो.

कारण दिलं जातं तेव्हाही ते तपासून पाहावं लागतं. ऑगस्ट 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की चाचणीच्या काळात विंडोज 11 च्या अटींत न बसणाऱ्या मशीनवर कर्नल पातळीवरचे क्रॅश 52 टक्क्यांनी जास्त झाले. त्याच निवेदनात असंही होतं की अटींत बसणाऱ्या मशीनचा अनुभव 99.8 टक्के क्रॅशमुक्त होता. दोन्ही आकडे एकाच मापाचे धरून हिशोब केला, तर न बसणाऱ्या मशीनचा अनुभव 99.7 टक्क्यांच्या आसपास येतो. 52 टक्के हा आकडा ऐकून मशीन मोडीत काढावंसं वाटतं, 99.7 ऐकून तसं वाटत नाही. दुसरा आकडा मला कागद-पेन घेऊन काढावा लागला. त्याच वेळी इंटेलच्या सातव्या पिढीतला एक प्रोसेसर अपवाद म्हणून चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत घेतला गेला. तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ 2 मध्ये होता आणि ते मशीन तेव्हाही विकलं जात होतं. सातव्या पिढीतले बाकीचे बहुतेक प्रोसेसर बाहेर राहिले. ज्यांच्याकडे ते होते, त्यांनी या अपवादाचा काय अर्थ लावायचा?

नकार योग्यही असू शकतो आणि असा नकार मी मान्य करते. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीला ‘पॉपकाउंट’ नावाची प्रोसेसरची एक आज्ञा लागते. कोअर 2 ड्युओ प्रोसेसरमध्ये ती आज्ञाच नाही, त्यामुळे तिथे ही सिस्टीम सुरूच होत नाही. हे कारण नेमकं आहे, त्यावर वाद घालण्यासारखं काही उरत नाही. होकाराचंही तसंच, तोही खरा असायला हवा. 2006 मध्ये नव्या लॅपटॉपवर ‘विंडोज व्हिस्टा कॅपेबल’ असे स्टिकर लागले. त्यांतल्या इंटेल 915 चिपसेटच्या मशीनना व्हिस्टाच्या नव्या पद्धतीचा ग्राफिक्स ड्रायव्हर कधीच मिळाला नाही, आणि जिच्या जाहिराती झाल्या ती काचेसारखी खिडक्यांची सजावट त्यांवर दिसली नाही. हे प्रकरण 2007 मध्ये अमेरिकेत कोर्टात गेलं. पुढे त्याचा सामूहिक दाव्याचा दर्जा काढून घेतला गेला, पण इंटेल 915 वाली मशीन बसावीत म्हणून अट शिथिल केल्याचा कंपनीतला पत्रव्यवहार तोवर सर्वांसमोर आला होता. स्टिकर पाहून पैसे मोजणाऱ्याला हे दुकानातच कळायला हवं होतं.

दुसरी तक्रार इन्स्टॉल चालू असतानाच्या संदेशांबद्दल. पेनड्राइव्ह बूटेबल करून मशीन सुरू केलं की टक्केवारी वर चढू लागते. एका आकड्यावर ती थांबते आणि बराच वेळ थांबूनच राहते. काम चालू आहे की मशीन हँग झालं, हे पडद्यावर कळत नाही. बटण दाबून बंद करावं, तर अर्धवट लिहिलेली डिस्क बिघडण्याची भीती असते. थांबावं, तर किती वेळ थांबायचं ते कोणी सांगत नाही. आत कोणती फाइल लिहिली जात आहे आणि कोणता ड्रायव्हर तपासला जात आहे, याची नोंद प्रोग्राम ठेवतच असतो. चाचणी करणाऱ्याला ती ओळ खाली बारीक अक्षरांत दाखवली तरी पुरे. 2015 मध्ये विंडोज 10 टाकायला मदत करणारा प्रोग्राम अडला की एक चौकट यायची. तिच्या शीर्षकात ‘काहीतरी घडलं’ असं होतं आणि आतला मजकूरही तेवढाच होता. अशा चौकटीसमोर बसलेल्या माणसाला पुढे करण्यासारखं काहीच नसतं.

तिसरी तक्रार वायफायची. मशीन एकदाचं सुरू होतं, पण वायफाय दिसत नाही. ड्रायव्हर हवा असतो, तो इंटरनेटवर असतो, आणि इंटरनेटला जायला वायफाय हवं असतं. जुन्या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉमच्या कार्डांनी लिनक्स वापरणाऱ्यांना हा त्रास वर्षानुवर्षं दिला. कार्ड चालायला लागणारं फर्मवेअर वाटण्याची परवानगी नव्हती, म्हणून ते वेगळं उतरवून घ्यावं लागे. ज्या घरी केबलचं कनेक्शन नाही, तिथे दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून ते आणायचं. इतर अनेक कंपन्यांचं फर्मवेअर वाटता येत होतं, तरी डेबियन या लिनक्स वितरणाच्या अधिकृत डिस्कमध्ये ते नसायचं, कारण ते मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत बसत नव्हतं. यावर डेबियनने 2022 मध्ये आपल्या सदस्यांचं मतदान घेतलं आणि जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून असं फर्मवेअर डिस्कमध्येच देण्याचं ठरलं. निर्णयाच्या बाजूचे आणि विरुद्ध मुद्दे कोणालाही वाचता येतील असे मांडले गेले. हा निर्णय मला पटला, पण तो ज्या रीतीने घेतला ती रीत मला जास्त मोलाची वाटते.

झोपेचा, म्हणजे स्लीपचा, त्रास याच जातीचा आहे. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि उघडल्यावर काळा पडदा दाखवतो. पंखा फिरत असतो, दिवा लागलेला असतो, दिसत मात्र काहीच नाही. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. झोपायला आणि जागं व्हायला मशीनचं बायोस, कर्नल आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर या तिघांचं जुळावं लागतं. बायोसचे अपडेट मशीन तयार करणारी कंपनी काही वर्षांनी थांबवते. जुन्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर नव्या सिस्टीमसाठी कोणी लिहीत नाही. मग सिस्टीम एका साध्या, सर्वांना चालेल अशा ड्रायव्हरवर काम भागवते. त्यावर पडदा दिसतो, पण झोप मिळत नाही आणि पुष्कळदा ब्राइटनेसच्या कळाही चालत नाहीत. हे सगळं सिस्टीमला इन्स्टॉलच्या वेळीच माहीत असतं. ‘या मशीनवर साधा ड्रायव्हर वापरला आहे, स्लीप चालणार नाही’ एवढं एक वाक्य तिने तेव्हाच दाखवावं. तसं झालं तर टाइप केलेली पानं घेऊन कोणी झाकण मिटणार नाही.

मराठीचा मुद्दा मी वेगळा मांडते, कारण माझं सगळं काम त्यावर उभं आहे. कोणतीही चाचणी आवृत्ती टाकली की मी आधी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘दुसऱ्या’ हा शब्द टाइप करते. त्यातला अर्धा र आडव्या रेघेसारखा दिसायला हवा. त्यासाठी शिफ्टसह जे, मग डी, मग य, अशा कळा दाबायच्या. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ ही दोन वेगळी रूपं मराठीला हवी असतात, हिंदीत या आडव्या र चं काम पडत नाही. एका चाचणी आवृत्तीत हा र मोडून खाली हलंत दिसू लागला होता. बाकी सगळी देवनागरी नीट होती, त्यामुळे फक्त हिंदी मजकूर तपासणाऱ्याच्या ही चूक लक्षात आली नसती. अशी चूक मराठी लिहिणाऱ्या माणसालाच दिसते आणि तो माणूस बहुतेक वेळा जुन्या मशीनवर बसलेला असतो. मशीनच्या वयाच्या अटीवर त्याला चाचणीतून वगळलं, की त्याच्या मशीनबरोबर त्याची भाषाही तपासणीतून गळते.

आता सर्वांत मोठी तक्रार, कळवलेल्या चुकांचं पुढे काय होतं याची. चूक कळवायची म्हणजे ती कशी घडते ते पायरी-पायरीने लिहायचं, चित्र जोडायचं, मशीनचा तपशील द्यायचा. यात संध्याकाळ जाते. मला एका ठिकाणाहून ‘हे हार्डवेअर समर्थित नाही’ असा एका ओळीचा शेरा आला आणि तक्रार बंद झाली. चूक कीबोर्डच्या लेआउटमध्ये होती, हार्डवेअरचा तिच्याशी संबंध नव्हता. ही हलगर्जी किती महाग पडते, त्याचा सर्वांना माहीत असलेला दाखला 2018 चा आहे. त्या वर्षी 2 ऑक्टोबरला विंडोज 10 चा एक मोठा अपडेट आला आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाइली पुसल्या गेल्या. चार दिवसांत त्याचं वाटप थांबवावं लागलं. नंतर दिसलं की चाचणी करणाऱ्या काहींनी आधीच हीच चूक लिहून कळवली होती. तिला फार मतं मिळाली नव्हती, म्हणून ती ढिगात खाली राहिली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने कळवण्याच्या फॉर्ममध्ये चूक किती गंभीर आहे ते नोंदवण्याची सोय केली. फाइली पुसल्या जाणं आणि चिन्हाचा रंग न आवडणं या दोन तक्रारी मतं मोजून एका रांगेत लावता येत नाहीत, हे कळायला कोणाच्या तरी फाइली जाव्या लागल्या.

शेवटची तक्रार मुदतीची आणि परतीच्या वाटेची. चाचणी आवृत्तीला मुदत असणं रास्त आहे. 2000 च्या सप्टेंबरमध्ये ॲपलने मॅक ओएस टेनची सार्वजनिक बीटा 29.95 डॉलरना विकली. ती मे 2001 मध्ये संपणार हे ठरलेलं होतं आणि घेणाऱ्याला पुढच्या पूर्ण आवृत्तीत तेवढी सूट मिळाली. विंडोज 7 च्या शेवटच्या चाचणी आवृत्तीची मुदत 1 जून 2010 ला संपणार होती. त्याआधी 1 मार्चपासून मशीन दर दोन तासांनी आपोआप बंद होऊ लागेल, हे आधीच जाहीर केलं होतं. तारीख ठाऊक असेल तर माणूस तयारी करतो. माझा आक्षेप परतीच्या वाटेला आहे. विंडोज 11 च्या चाचणीत अटींत न बसणाऱ्या काही मशीनना आवृत्त्या मिळत राहिल्या. मग अंतिम आवृत्ती जवळ आल्यावर त्यांना विंडोज 10 नव्याने टाकून परत जायला सांगितलं गेलं. नव्याने टाकायचं म्हणजे फॉरमॅट मारायचा, सगळे प्रोग्राम पुन्हा बसवायचे, फॉन्ट पुन्हा घालायचे. नेहमीच्या अपग्रेडनंतर जुनी आवृत्ती 10 दिवस सांभाळून ठेवली जाते. 2016 पर्यंत हीच मुदत महिन्याची होती. ज्याला आठवड्यातून एक रविवार मोकळा मिळतो, त्याला 10 दिवसांत सिस्टीम पारखता येत नाही.

हे सगळं नीट करता येतं, याचे पुरावे आहेत. सप्टेंबर 2008 मध्ये लिनक्सच्या 2.6.27 या येऊ घातलेल्या कर्नलने काही मशीनमधली इंटेलची नेटवर्क कार्डं निकामी केली. कार्डाची कायमस्वरूपी मेमरीच बिघडत होती, त्यामुळे जुनी सिस्टीम परत टाकूनही उपयोग नव्हता. याहून मोठा अपघात चाचणीत क्वचितच होतो. त्या वेळी उबुंटू, ओपनसुसे, मँड्रिव्हा या लिनक्स वितरणांनी उघड इशारे दिले. उबुंटूने आपल्या चाचणी आवृत्तीत तो ड्रायव्हरच बंद केला. आधी त्या मेमरीवर लिहिणं रोखलं गेलं. नंतर खरा दोष ड्रायव्हरमध्ये नसून कर्नलच्या आतल्या घडामोडी टिपणाऱ्या एका सोयीत आहे हे शोधून काढलं गेलं आणि ती सोय बंद झाली. ज्यांनी कळवलं, त्यांना प्रत्येक टप्पा वाचता आला. विंडोज 7 ची बीटा जानेवारी 2009 मध्ये आली तेव्हा तिच्यात एमपी3 फाइलींच्या सुरुवातीचे काही सेकंद कापले जाण्याचा दोष होता. मायक्रोसॉफ्टने तो सांगितला आणि दुरुस्ती सोबत दिली. त्याआधी ऑक्टोबर 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्हन सिनॉफ्स्की यांनी लॉस एंजेलिसच्या परिषदेत 1 जीबी रॅमचं आपलं छोटं नेटबुक मंचावर आणून त्यावर विंडोज 7 चालते हे दाखवलं होतं. 32 बिटांच्या अंतिम आवृत्तीची किमान अटही 1 गिगाहर्ट्झ आणि 1 जीबीवरच राहिली. दुबळ्या मशीनकडे लक्ष देऊन तयार केलेली ती सिस्टीम नव्या मशीनवर तर आणखी चपळ चालली.

हायकूचंही नाव घेतलं पाहिजे. बंद पडलेल्या ‘बीओएस’ या ऑपरेटिंग सिस्टीमच्या वळणावर 2001 पासून काही स्वयंसेवक ही सिस्टीम घडवत आहेत. तिची पाचवी बीटा सप्टेंबर 2024 मध्ये आली. जुन्या मशीनसाठी तिची 32 बिटांची आवृत्तीही मिळते. काय चालतं, काय चालत नाही आणि कोणती कार्डं ओळखली जातात, हे प्रत्येक आवृत्तीबरोबर लिहिलेलं असतं. थोड्या माणसांच्या प्रकल्पाला हे जमतं, तर हजारो इंजिनिअर असलेल्या कंपनीला जमायला हरकत नाही.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यामुळे सुमारे 24 कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने 2023 च्या अखेरीस वर्तवला होता. त्यातली अनेक मशीन आजही व्यवस्थित चालतात. त्यांचे मालक पुढे काय टाकायचं ते शोधत आहेत आणि कोणत्या ना कोणत्या चाचणी आवृत्तीच्या दारात उभे राहणार आहेत. म्हणून ज्या कोणी अशा आवृत्त्या काढतात, त्यांच्याकडे माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. मशीन नाकारलं तर नेमका कोणता भाग आड येतो ते लिहा, आणि एखादी सेटिंग बदलून काम होणार असेल तर तिचं नाव सांगा. जे चालणार नाही, ते इन्स्टॉलच्या आधी दाखवा. कळवलेली चूक बंद करताना ती वाचल्याचं दिसेल असं उत्तर द्या. मुदत आणि परतीची वाट पहिल्याच पानावर छापा, आणि परत जायला निदान महिन्याची सवड ठेवा. यातली एकही मागणी नवा प्रोसेसर मागत नाही. तुम्ही चाचणीला बोलावता तेव्हा आम्ही आमचा वेळ, आमचं मशीन आणि आमची भाषा घेऊन येतो. त्याच्या बदल्यात सरळ उत्तर मिळणं हा आमचा हक्क आहे.